अकराचा तंबू पावणेपाचला

डिसेंबरात गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि साडेसहाला मिट्ट अंधार. आपल्याकडे संधिप्रकाश रेंगाळत नाही. हे माहीत होतं म्हणूनच मी भाड्याच्या तंबूचे पैसे आठवडाभर आधी भरले होते आणि दुकानदाराकडून शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतली होती. बेत साधा होता. केरीला (पेडण्यातली समुद्राकाठची नव्हे, सत्तरीतली) ह्यांच्या मावशीच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, एक रात्र काढायची. आम्ही दोघं, माझा भाऊ, वहिनी आणि तीन मुलं.

अकराला दुकानात गेलो. "आधीच्या पार्टीने तंबू परत आणला नाही, अर्ध्या तासात येतोय." साडेअकराला हेच उत्तर. साडेबाराला हेच उत्तर. एक वाजता माणसाने शटर अर्धं ओढलं आणि जेवायला गेला, तो साडेतीनला उगवला. मुलं तोवर गाडीत तापून निघाली होती. चारला तंबू आला, तोही चिखल लागलेला, तसाच पिशवीत कोंबलेला. आता तरी निघू असं वाटलं, तर फॉर्म पुढे आला. डिपॉझिट भरलेलं असूनही मूळ आधार कार्ड ठेवून घ्यायचा त्याचा हट्ट. मूळ कार्ड कशाला, झेरॉक्स देते म्हटलं. ते मान्य करायला वीस मिनिटं आणि झेरॉक्सवाला शोधायला आणखी पंधरा. मग फॉर्मच्या तळाशी एक ओळ: "सर्व सामान तपासून मिळाले." पिशवी अजून वरच्या फळीवरच होती. मी म्हटलं, आधी उघडून दाखवा. तो म्हणाला, "सही झाल्याशिवाय पिशवी खाली काढत नाही, मॅडम. सगळं असतं त्यात."

मी सही केली. पावणेपाच झाले होते, मुलं रडकुंडीला आली होती, आणि अंधाराच्या आत पोचायचं एवढंच डोक्यात होतं. ही चूक माझी, आणि तिचा राग मला अजून येतो. न पाहिलेल्या सामानाखाली "तपासून मिळाले" म्हणून सही करायची नाही, मग कितीही उशीर होवो. पिशवी काऊंटरवर उघडायला लावा, पोल आणि खुंट्या मोजा, एक फोटो काढा. पाच मिनिटांचं काम आहे. ती पाच मिनिटं मी वाचवली आणि केरीला काळोखात दोन तास घालवले.

डिचोली, साखळी करत, वाटेत भाजी घेत केरीला पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते. पोफळींखाली त्याआधीच अंधारलं होतं. पोचल्या पोचल्या मला एक छान जागा दिसली, सपाट, मऊ, पाचोळा झाडलेली. आम्ही तिथे ताडपत्री पसरणार, एवढ्यात मावशी कंदील घेऊन धावत आल्या. "थंय नाका गो बाय, फांतोडेर पाट सोडटले." पहाटे पोफळींना पाणी सोडतात ते नेमकं त्या सपाटीवरून जातं. शिवाय वर माड. रात्री नारळ पडला किंवा वाळलेली झावळ कोसळली, तर तंबूचं कापड काय अडवणार? अंधारात जागा निवडायची वेळ आली, तर आपल्या डोळ्यांवर विसंबू नका, त्या जमिनीवर राबणाऱ्या माणसाला विचारा. आणि टॉर्च आधी वर मारून बघा, मग खाली.

मावशींनी घरामागचं खळं दाखवलं. वर मोकळं आभाळ, भोवती पाचोळा नाही. पण खाली जांभा. पिशवी रिकामी केली तर खुंट्या सहा. फॉर्मवर बारा लिहिल्या होत्या. दोन आधीच वाकलेल्या. उरलेल्या चारांतली पहिली हातोडीच्या तिसऱ्या घावाला वाकडी झाली. दोन पोलांपैकी एकाच्या आतला रबर तुटलेला, त्यामुळे त्याचे तुकडे सुटे, आणि एक तुकडा लांबीला चिरलेला. तो सरळ करताना फायबरची कूस माझ्या अंगठ्यात गेली. हेडलॅम्पच्या प्रकाशात ती दिसेना, फक्त टोचत राहिली. ती वहिनीने सकाळी सुईने काढली. चिरलेला पोल उघड्या हाताने धरू नका, फडका गुंडाळा.

मी गाडीचे दिवे खळ्यावर लावा म्हटलं. भावाने लावले, पण झोताकडे तोंड केलं की डोळे दिपतात आणि पाठ केली की आपलीच सावली नेमकी कामावर पडते. दिवे बाजूने यायला हवेत. त्याहून बरा प्रत्येकाच्या कपाळावरचा छोटा दिवा, हात मोकळे राहतात. आम्ही सगळे सुटे भाग ताडपत्रीवर एका रांगेत मांडले, गवतात काही ठेवलं नाही. लहान मुलांना गाडीत बसवलं, मोठ्याला फक्त टॉर्च धरायला सांगितलं. ह्यांनी चिरलेल्या तुकड्याला दोन बाजूंनी बांबूच्या कामट्या लावून चिकटपट्टी गुंडाळली, आणि पोल वाकला, पण टिकला. खुंट्यांच्या जागी काकांनी कुंपणासाठी रचलेले चिरे दिले. दोर चिऱ्याला आडवा गुंडाळून बांधायचा आणि चिरा तंबूपासून बाहेरच्या बाजूला ओढून ठेवायचा, म्हणजे दोर ताणलेला राहतो. आठ चिऱ्यांवर आमचा तंबू उभा राहिला. साडेआठ वाजले होते. त्या क्षणी मला खरंच अभिमान वाटला.

दोरांना पांढऱ्या चिंध्या बांधायचं वहिनीला सुचलं. नाहीतर रात्री लघवीला उठलेलं मूल दोरात अडकून थेट चिऱ्यावर पडलं असतं. हे आधी सांगायला हवं होतं: चेन कायम बंद. आत जाताना लगेच, बाहेर पडताना लगेच. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. बूट आत ठेवायचे, घालण्याआधी उलटे करून झटकायचे. काही झालंच तर कापाकापी नाही, चोखणं नाही, आवळून बांधणं नाही. अवयव हलवायचा नाही आणि 108. मोठं रुग्णालय बांबोळीला आहे, आणि केरीहून तिथे पोचायला वेळ लागतो, म्हणून रेंज कुठे मिळते ते उजेडातच पाहून ठेवा. आम्ही मात्र ते रात्री शोधत फिरलो.

सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून येतो आणि हंगाम साधारण डिसेंबर ते मे, नेमका आपल्या तंबूचा. पाचोळ्यावर बसायचं नाही, पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, आणि झोपण्याआधी मुलांच्या काखा, कानामागची जागा टॉर्चने बघायची. माकडं मेलेली दिसली असतील तर तिथे मुक्कामच नको. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेऊ नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. काकांनी शेगडी देऊ केली होती, मी नको म्हटलं आणि सगळ्यांनी दोन-दोन गोधड्या घेतल्या.

पहाटे साडेपाचला पाण्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन टॉर्च मारली. आदल्या दिवशी निवडलेल्या जागेवर घोटाभर पाणी चाललं होतं.

सोमवारी तंबू परत केला तेव्हा सहा खुंट्या आणि पोलाचे म्हणून आठशे रुपये कापले. "तुमची सही आहे ना मॅडम, तपासून मिळाले म्हणून." मी फार भांडले, पैसे मिळाले नाहीत.

जानेवारीत पुन्हा गेलो, दुसऱ्या दुकानातून. पिशवी फरशीवर ओतायला लावली, पोल जोडून बघितले. दोन खुंट्या कमी निघाल्या, तिथल्या मुलाने आतून आणून दिल्या. मग सही केली. केरीला चार वाजता पोचलो आणि साडेचारला तंबू उभा होता.