तुम्ही विचारलंत म्हणून: वजन उतरलं, मग खडे कसे झाले?

"मॅडम, भात सोडला, तेल सोडलं, रात्रीचं जेवण सोडलं. वजन उतरलं. मग पित्ताशयात खडे कसे?" बेळगावात आहाराचा सल्ला देताना हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणाऱ्यांत लग्न ठरलेल्या मुलींच्या आया जास्त.

लठ्ठपणाने खडे होतात, हे खरंच आहे. वजन वाढलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. ते विरघळेनासं झालं की त्याचे कण आणि कणांचे खडे बनतात. बायकांना, गरोदरपणात, चाळिशीनंतर, मधुमेह असला तर धोका आणखी वाढतो. बैठं काम आणि मैदा-साखरेचं खाणं त्यात भर घालतं.

पण वजन घाईने उतरवलं तरी हेच होतं. अंगातली चरबी झपाट्याने वितळते, तेव्हा यकृत आणखी कोलेस्टेरॉल पित्तात टाकतं. शिवाय पित्ताशय आकसून रिकामं व्हायला जेवणात थोडं तेल-तूप लागतं. तेच बंद केलं, दोन जेवणांत मोठा खंड पाडला, की पित्त आतच साचून घट्ट होतं. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल, तर मला आनंद होत नाही, काळजी वाटते. अर्धा ते एक किलो पुष्कळ झालं. जोंधळ्याची भाकरी, उसळ, भाजी, त्यावर चमचाभर तेलाची फोडणी, रोजचं झपाझप चालणं आणि सकाळचा नाश्ता वेळेवर. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून मुलीला उपाशी ठेवू नका हो.

हुलग्याचं कढण मुतखड्यासाठी घराघरांत देतात, तेच पित्ताशयाच्या खड्यांसाठीही पाजतात. मूत्रपिंडातला खडा वेगळा, पित्ताशयातला वेगळा. कढण प्या, पौष्टिक आहे, पण त्याने पित्ताशयातला खडा विरघळत नाही. सोनोग्राफीत सहज दिसलेला, त्रास न देणारा खडा बहुतेक वेळा नुसता लक्षात ठेवायचा असतो. मात्र जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत, खांद्यात जात असेल, तर सर्जनना दाखवा. कळेसोबत थंडी-ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांतून रात्री शहर गाठणं अवघड असतं, ठाऊक आहे. तरी गाडी मिळाली की निघा, सकाळची वाट पाहू नका.