रिकामे अंगण आणि भरलेला आवाज

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आपल्या शाळेत माझ्या वेळी रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवण्याची सोय नव्हती. खनिजाच्या ट्रकांची रांग लागली की फळ्यावर तांबड्या धुळीचा थर बसे आणि बाईंना वाक्य अर्ध्यावर सोडून थांबावे लागे. विज्ञानाच्या आमच्या बाई तो वेळ वाया जाऊ देत नसत. “डोळे मिटा आणि ट्रक भरलेला की रिकामा, ते सांगा,” असे त्या म्हणत. भरलेला ट्रक चढणीवर घुमतो, रिकाम्याचा फाळका खडखडतो, हे आम्ही सातवीत ओळखू लागलो. आज मी दस्तऐवजी छायाचित्रण आणि ध्वनिकला शिकवतो, तेव्हा कॅमेरा हाती देण्यापूर्वी विद्यार्थ्यांना वीस मिनिटे नुसते ऐकायला बसवतो, ते याच संस्कारामुळे.

बाईंनीच खोक्याला टाचणीने भोक पाडून बटरपेपरवर आवारातला आंबा उलटा दाखवला होता. तोच प्रयोग घेऊन मी माझ्या विद्यार्थ्यांसह शाळेत आलो. डब्याच्या पिनहोल कॅमेऱ्यात फोटोचा कागद बसवून मधल्या सुट्टीत चार मिनिटे भोक उघडे ठेवले आणि शेजारी ध्वनिमुद्रक चालू केला. प्रयोगशाळेत लाल दिव्याखाली कागद धुतला, तेव्हा इमारत उमटली, आंबा उमटला, पण अंगण रिकामे. पायरीवर डबा खात बसलेली एकच मुलगी पुसटशी दिसत होती. 1838 साली छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या फ्रान्सच्या दागेरने टिपलेल्या पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचे असेच झाले होते. प्रकाश घ्यायला मिनिटे लागली, चालती माणसे आणि गाड्या विरून गेल्या आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला माणूस तेवढा उरला. पाचवीतल्या एका मुलाने तो कागद न्याहाळून विचारले, “सर, आमी खंय आसात?” (आम्ही कुठे आहोत?) मी हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले. त्याच चार मिनिटांत सगळे अंगण ओरडत होते आणि त्यात त्याला स्वतःची हाक सापडली.

माझे संशोधन या प्रश्नाभोवतीच फिरते. छायाचित्राला आपण पुरावा मानतो, पण त्यातून कोण निसटले हे ते स्वतः सांगत नाही. म्हणून त्याच्यासोबत त्याच वेळेचा, त्याच जागेचा आवाज ठेवावा, असे मला मनापासून वाटते. कॅनडात संगीतकार मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात व्हँकुव्हर शहराचे आवाज जपून ठेवले. आपल्याकडे 2012 साली खाणी बंद पडल्या, तेव्हा माझ्यापाशी धुळीची छायाचित्रे होती, ट्रकाचा आवाज मात्र एकही नव्हता. ही चूक मला अजून सलते.

ती पुन्हा होऊ नये म्हणून शाळेची घंटा, म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तो तुकडा, विजेची घंटा येण्याआधी मी मुद्रित करून घेतला. लोखंडालाच मायक्रोफोन चिकटवला होता. टोला पडतो, कानाला नाद संपल्यासारखा वाटतो, पण लोखंड आतून कितीतरी वेळ गुणगुणत राहते. ते ध्वनिमुद्रण आता शाळेच्या ग्रंथालयात आहे.