तैवानला शस्त्रं विकली, मग पोहोचली का नाहीत?

अमेरिकेने तैवानला अब्जावधी डॉलर्सची शस्त्रं विकल्याची बातमी आली की हमखास विचारलं जातं : चीन एवढा अंगावर येतोय, तैवान पैसे मोजायला तयार आहे, मग माल यायला पाच-सात वर्षं का लागतात? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

बातमी येते त्या दिवशी सौदा झालेलाच नसतो. तैवानने मागणीपत्र दिलेलं असतं आणि अमेरिकी सरकारने ‘असं विकायचा विचार आहे’ एवढं संसदेला कळवलेलं असतं. त्यातली रक्कम अंदाजी असते. सुटे भाग, प्रशिक्षण, तांत्रिक मदत सगळं धरून. प्रत्यक्ष करार त्याहून कमीचाही होतो. संसदेला कळवल्यावर तैवानसाठी 30 दिवस थांबावं लागतं. नाटो देश, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्रायल आणि न्यूझीलंडसाठी 15. भारतही 30 दिवसांच्याच रांगेत आहे.

मग येतं प्रस्ताव-स्वीकृतीचं पत्र, म्हणजे प्रत्यक्ष करार. अमेरिका आणि तैवान यांच्यात औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, त्यामुळे ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान’ आणि तैपेईचं आर्थिक व सांस्कृतिक प्रतिनिधी कार्यालय यांच्यामार्फत हा व्यवहार होतो. तैवानचे पैसे अमेरिकी सरकारच्या खात्यात जातात आणि कारखान्याशी करार करतं ते पेंटागॉन, म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं. उशीर झाला तर तैवानला कंपनीला थेट धारेवर धरता येत नाही.

हार्पून जहाजभेदी क्षेपणास्त्रांचंच बघा. ऑक्टोबर 2020 मध्ये जाहीर झालं : 100 फिरते लाँचर, 400 पर्यंत क्षेपणास्त्रं, 25 रडार ट्रक, अंदाजे 2.37 अब्ज डॉलर्स. बोइंगला क्षेपणास्त्रांचं कंत्राट मिळालं एप्रिल 2023 मध्ये, आणि कामाची मुदत मार्च 2029 पर्यंत. जवळजवळ अडीच वर्षं नुसती कागदावर गेली! यादीतल्या रडार ट्रककडे कुणाचं लक्ष जात नाही, पण शत्रूचं जहाज कुठे आहे हेच कळलं नाही तर लाँचर उभे राहून करणार काय? क्षेपणास्त्रं आली आणि ट्रक मागे राहिले, तर ती गोदामातच पडून राहतील.

एफ-16 लढाऊ विमानांची अडचण वेगळी. 2019 मध्ये 66 नव्या विमानांना मंजुरी मिळाली, सुमारे 8 अब्ज डॉलर्स. पण ती बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीने जोडणी फोर्ट वर्थहून साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला हलवली होती, म्हणजे तिथे सगळी घडी नव्याने बसवायची. त्यात करोनाने सुट्या भागांचा पुरवठा विस्कळीत केला. पहिलं विमान मार्च 2025 मध्ये सुपूर्द झालं, तेही ग्रीनव्हिललाच. माझं स्पष्ट मत असं की चीन आणि तैवानमधली सामुद्रधुनी जिथे अरुंद आहे तिथे जेमतेम 130 किलोमीटर रुंद असताना, धावपट्टीवर अवलंबून असलेल्या विमानांपेक्षा झाडीत, बोगद्यात लपवता येणारे हार्पूनचे फिरते लाँचर आधी यायला हवे होते.

सगळं काही याच सरकारी वाटेने घ्यावं लागतं असं नाही. भारताने 22 अपाची घेतली तेव्हा हेलिकॉप्टरचा करार थेट बोइंगशी केला. शस्त्रं, रडार, प्रशिक्षण सरकारी मार्गाने घेतलं. थेट करारात घासाघीस आपल्या हातात राहते, पण करार सांभाळायची जबाबदारीही आपलीच.

झटपट वाट एकच : अमेरिकी सैन्याच्या स्वतःच्या साठ्यातून द्यायचं. जुलै 2023 मध्ये तैवानसाठी 34.5 कोटी डॉलर्सपर्यंतची मदत अशीच जाहीर झाली. पण रिकामी झालेली जागा भरायला मागणी पुन्हा त्याच कारखान्यांकडे जाते, आणि युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून तिथे आधीच रांग आहे.