तुम्ही विचारलंत म्हणून: रंगीत पाणलाव्याची मादी

रंगीत पाणलाव्याच्या जोडीचे छायाचित्र दाखवले की बहुतेक जण विचारतात, "यातला देखणा तो नर ना?" नाही. गर्द तांबूस मानेची, डोळ्याभोवती पांढरे शुभ्र कडे असलेली ती मादी आहे. मागे लव्हाळ्यात मिसळून गेलेला फिकट, पिवळसर ठिपक्यांचा पक्षी हा नर. अंडी घालून ती निघून जाते, हे कळले की लगेच दुसरा प्रश्न येतो: ही कसली आई? त्याचे उत्तर मात्र मला सविस्तर द्यावेसे वाटते.

पावसाळ्यात तिन्हीसांजेला भातखाचरांकडून, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा घुमणारा आवाज येतो, तो हिचा. तिची श्वासनलिका नराच्या नलिकेपेक्षा लांब आणि वळणदार असते. साद घालणे, दुसऱ्या मादीला हुसकावणे ही कामे तिची, तर साधारण 4 अंडी घालून ती दुसऱ्या नराकडे गेल्यावर अडीच-तीन आठवडे ती उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम नराचे. नावात पाणलावा असला तरी हा पक्षी खऱ्या पाणलाव्यांपेक्षा कमळपक्ष्यांना जवळचा आहे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांतही पिल्ले बापच वाढवतो.

घरटे चिखलालगतच्या गवतात असते. एका रात्रीच्या पावसाने पाणी चढले तरी ते बुडू शकते. अशा जागी सगळी अंडी एकाच ठिकाणी न राहता निरनिराळ्या नरांच्या घरट्यांत विभागली जाणे त्या वंशाच्या हिताचेच असावे, असे मला वाटते. निष्ठुर हा शब्द मी तिच्यासाठी वापरणार नाही.

एकदा बांधावरून जाताना असा एक नर माझ्या पावलापासून हातभर अंतरावर होता. प्रथम तो ढेकळासारखा निश्चल राहिला, आणि मी आणखी वाकल्यावर त्याने दोन्ही पंख पुढे पसरून, ठिपक्यांचा पंखा उघडावा तसे फुगून, सापासारखा फुत्कार टाकला. मी मागे सरलो. पंख मिटून, शेपटी खालीवर हलवत तो अंड्यांवर जाऊन बसला, आणि मी दुसऱ्या बांधाने घरी आलो.