बाटलीच्या झाकणावरची चोच

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी एस्पान्योला बेटावर आज एक मॉकिंगबर्ड पक्षी थेट माझ्या बुटावर येऊन बसला आणि नाडी ओढू लागला. प्राण्यांपासून किमान २ मीटर दूर राहण्याचा नियम आम्हाला बोटीवरच बजावला होता. पक्ष्याला तो कोणी सांगितलेला नव्हता.

नाडीचा नाद सोडून त्याने पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर चोच मारायला सुरुवात केली, तेव्हा गाइड म्हणाला, “एक थेंबही देऊ नका.” या बेटावर गोडे पाणी जवळजवळ नाहीच. म्हणजे ज्याला आम्ही निर्भयपणा समजून कौतुकाने फोटो काढत होतो, त्यात बरीचशी तहान होती. शेजारी पसरलेले समुद्री इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, नाकातून खारट तुषार उडवत होते. त्यांना मात्र आमच्यात काडीचाही रस नव्हता.

१८३५ मध्ये याच गॅलापागोस बेटांवर डार्विनने बंदुकीच्या नळीने एका शिकारी पक्ष्याला फांदीवरून ढकलले होते, इतके इथले पक्षी माणसाला घाबरत नसत. त्याच काळात खलाशी येथली महाकाय कासवे जहाजांत भरून नेत, कारण ती अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जिवंत राहत. फ्लोरियाना बेटावरची त्यांची मूळ जात अशीच संपली. त्यांना माणसाची भीती वाटली असती, तरी ती पळून कुठे जाणार होती?