आसन लावलं का?

गुरुवार, रात्री साडेअकरा. धुळ्याच्या थोडं अलीकडे.

आजची चूक शिर्डीत झाली. चार वाजून दहा मिनिटांनी तिथे चहा घेत उभी होते. अंगात ताकद होती, ऊन होतं, आणि मनाने हिशेब मांडला की धुळे दीडशे किलोमीटर, साडेसातला पोचू. पुण्याहून निघायलाच अकरा वाजले होते, क्लचची केबल बदलण्यात सकाळ गेली होती. अर्धा दिवस हातचा गेला ही टोचणी सकाळपासून लागून राहिली होती, आणि तो अर्धा दिवस मला आजच वसूल करायचा होता. शिर्डीत पावलोपावली राहायची सोय. पोटभर जेवून, गरम पाण्याने अंघोळ करून आठला झोपले असते. तरीही हेल्मेट चढवलं आणि निघाले.

कोपरगावपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडले. गाळप हंगाम चालू आहे, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मोळ्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या. तिथेच पाऊण तास गेला. जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि मग अंधार फार वेळ लावत नाही. मनमाड सोडलं तेव्हा पश्चिमेला थोडा तांबूसपणा होता, दहा मिनिटांत तोही गेला. पुढे कांद्याचे ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, गोणपाटाचा मातकट रंग रस्त्याच्या रंगात मिसळलेला. समोरून ट्रकचा झोत डोळ्यांवर आला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि झोत सरकतो तेव्हा ट्रॉली वीस फुटांवर असते. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी ब्रेक दाबल्यावर मागचं चाक सरकलं. पडले नाही. पण पुढे मालेगावपर्यंत चाळीसच्या वर गेले नाही आणि दात इतके आवळले होते की अजून जबडा दुखतोय.

धुळ्यात शिरले तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. पहिल्या लॉजवर काउंटरवरच्या माणसाने माझ्या मागे बघितलं, कुणी पुरुष येतोय का म्हणून. "एकट्या लेडीजला रूम देत नाही." आधार कार्ड दाखवलं, मुलीशी फोनवर बोलायला सांगितलं. नाहीच म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी "फुल आहे" असं उत्तर आलं, आणि त्याच्या पाठीमागच्या फळीवर सात-आठ किल्ल्या लटकत होत्या. तिसऱ्या ठिकाणी खोली मिळत होती. मी पैसे द्यायच्या आधी खोली बघते, आणि खोलीत गादीच्या आधी दार बघते. आतली कडी नव्हती. कडीच्या जागी स्क्रूची चार रिकामी भोकं होती, त्यातलं लाकूड बाहेरच्या बाजूला फाटलेलं. ते दार कधीतरी कुणीतरी बाहेरून ढकलून उघडलेलं होतं. मी जिना उतरले.

सेहेचाळीस वर्षांची आहे, सतरा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, दोनशे किलोची गाडी एकटी सांभाळते, आणि आज रात्री एका अनोळखी शहरात कडीवाली एक खोली मला मिळेना. हे लिहितानाही घशाशी येतंय.

येताना हायवेवर एक खाणावळ दिसली होती, बाहेर दोन ट्रक, आत चुलीपाशी बाई. आठ किलोमीटर मागे आले. मावशी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापत होत्या. मी हेल्मेट काढलं तशी त्यांनी एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जेवनी का माय?" तेवढ्यावरच डोळे भरून आले. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा. जेवण होईपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही. मग मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आते रातले कोठे जाशी? आठेच झोप." म्हणजे इथेच झोप.

खाणावळीच्या मागेच घर. अंगणात संध्याकाळी पाणी मारलेलं, माती ओली. गाडी साइड स्टँडवर लावली तर स्टँड रुतायला लागला आणि गाडी हळूहळू कलायला लागली. मावशींनी न्हाणीच्या बाजूने एक फळकूट आणलं, वीतभर लांब, एका कडेला जळालेलं, आणि स्वतः वाकून स्टँडखाली सरकवलं. त्यांच्याकडे कधी मोटरसायकल असेल असं वाटत नाही, पण कलणाऱ्या वस्तूखाली काय द्यायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आता त्यांच्या सुनेच्या खोलीत गोधडीवर पडून लिहितेय. बाळ मध्येच कण्हतं. बाहेर इंजिन गार होतानाचा टिक, टिक आवाज मघापर्यंत येत होता, आता तोही थांबला.

शुक्रवार, संध्याकाळी सात. महेश्वर.

मावशींनी फक्त जेवणाचे पैसे घेतले. झोपण्याचे कसले पैसे, म्हणाल्या. फळकूटही दिलं, "ठेव जवळ." ते आता सॅडलबॅगच्या वर बंजीच्या रबरी दोरीत अडकवलंय.

सकाळी आठला निघाले. पळासनेर, मग बिजासन घाट. माझ्या बाजूने चढ, समोरून येणाऱ्यांना उतार, त्यामुळे समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवर लक्ष ठेवून कडेने चढले. सेंधव्याला पोहे. खलघाटच्या पुलावर नर्मदा दिसली तेव्हा गाडी हळू केली. दीड वाजता महेश्वरला पोचले आणि ठरवलं की आजचा मुक्काम इथेच. अजून चार तास उजेड होता. कालच्यानंतर तो उजेड वापरून टाकावा असं वाटलंच नाही.

घाटाजवळच्या गल्लीत एका घरात खोली घेतली. आतून कडी, वर अडसर, खिडकी गल्लीकडे. गाडी ओसरीच्या समोर, खोलीतून दिसते. चेन अजून गरम होती तेवढ्यात तेल दिलं; गार झाल्यावर तेल तितकं सहज आत जात नाही. कपडे धुतले, दोरी बांधली. मुलीला लोकेशन पाठवलं. तीन वाजता माझी सगळी कामं आटोपली होती. अशी दुपार प्रवासात मिळाली की दुसऱ्या दिवशीची गाडी हातात वेगळीच लागते.

मग राजवाड्यात गेले. अहिल्याबाईंचा वाडा किती साधा आहे. लाकडी खांब, बसकी गादी. 1767 ते 1795 त्यांनी इथून राज्य केलं. शाळेत आम्हाला त्यांची देवळं पाठ करायला लावली: काशी विश्वनाथ, सोमनाथ, गयेचं विष्णुपद. देवळांबरोबर घाट, विहिरी, अन्नछत्रं आणि धर्मशाळा होत्या, त्या वाक्याच्या शेवटी "इत्यादी" मध्ये जायच्या. आज वाड्याच्या ओट्यावर बसून मी त्या "इत्यादी" चाच विचार करत होते. चौंडीची मुलगी, तिशीच्या आत विधवा झालेली, आपल्या राज्याच्या सीमेबाहेर, दुसऱ्यांच्या मुलखात, जिथे तिला एक पैसा महसूल मिळणार नाही अशा वाटांवर वाटसरूंसाठी आसरे बांधत होती. संध्याकाळी अनोळखी गावात पोचलेल्या माणसाचा जीव कसा होतो, हे तिला कळलेलं होतं. काल रात्रीनंतर मला हे नुसतं इतिहासातलं वाक्य वाटत नाही. तिला उद्देशून हात जोडले.

घाटावर उतरले तर नर्मदेची पायी परिक्रमा करणाऱ्या एक आजी भेटल्या. पांढरं लुगडं, हातात दंड, पायात फाटायला आलेले कापडी बूट. मी "नर्मदे हर" म्हटलं, त्यांनीही म्हटलं, आणि माझं मराठी ऐकून हसल्या. साताऱ्याकडच्या. त्यांचा पहिला प्रश्न, "आसन लावलं का?"

मला आधी कळलंच नाही. परिक्रमेत मुक्काम म्हणत नाहीत, आसन म्हणतात. रात्रीपुरती जी जागा मिळेल तिथे चटई अंथरली की आसन लागलं. आश्रम, देऊळ, शाळेचा व्हरांडा, कुणाच्या घराची पडवी. मिळालं तर तयार जेवण, नाहीतर सदाव्रत म्हणून कोरडा शिधा, तो आपण शिजवायचा. मी विचारलं, जागा मिळाली नाही असं होतं का? आजी म्हणाल्या, "उशीर केला तर होतं. आम्ही तिसऱ्या प्रहरालाच विचारायला लागतो. पाय चालत असले तरी विचारायचं. आणि उद्याचं गाव कसंय ते आज रात्रीच्या माणसाला विचारायचं, उद्याच्या माणसाला नाही."

हे शेवटचं मी दोनदा वदवून घेतलं. खरंच आहे. धुळ्यात कुठे राहावं हे मी धुळ्यात पोचून विचारत होते, तेही ज्यांना खोली विकायची किंवा नाकारायची होती त्यांना. शिर्डीत चहावाल्याला विचारलं असतं, मनमाडला पेट्रोल भरताना तिथल्या मुलीला विचारलं असतं, तर कुणीतरी सांगितलं असतं की ताई, अमक्या ठिकाणी कुटुंबं उतरतात. पुण्याचीच आहे मी, दरवर्षी दिवे घाटाच्या पायथ्याशी पालखी बघते. लाखो माणसं चालतात, पण आज कुठे मुक्काम, उद्या कुठे, हे सगळं आधी ठरलेलं आणि छापलेलं असतं. एवढी शिस्त डोळ्यांसमोर असून मी तिच्यातून फक्त गर्दी बघत आले.

आजींना खजूर दिले. त्यांनी मला नर्मदेतला एक गोटा दिला. दिवस मावळायच्या आत त्या आश्रमाकडे निघून गेल्या.

शनिवार. ओंकारेश्वर.

पासष्ट किलोमीटरच चालवली आज. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं इथेही भक्तनिवास आहे, हे काल रात्री घरमालकीणबाईंनी सांगितलं (आजींचा नियम पाळला). अकराला पोचले, दर्शन झालं, दुपारी झोपले. उद्याच्या रस्त्याचं खांडव्याच्या एका कुटुंबाला विचारून ठेवलं: बऱ्हाणपूरपर्यंत घाटरस्ता, सकाळी धुकं असतं, आठच्या आधी निघू नका. बाकी काही नाही. चांगला दिवस.

रविवार, रात्री पावणेनऊ. शेगाव.

सकाळी खरंच धुकं होतं. साडेआठला निघाले. खांडवा, बऱ्हाणपूर, मुक्ताईनगर, मलकापूर, नांदुरा, असं करत साडेतीनला इथे पोचले. अडीचशेच्या आसपास झाले असतील. बऱ्हाणपूर सोडल्यावर पाट्या मराठीत दिसायला लागल्या तेव्हा हेल्मेटमध्येच जोरात काहीतरी गायले.

रांगेत उभी राहिले तेव्हा पोटात गोळा होता. एकटीला नाही म्हणतील, हे धुळ्यापासून मनात बसलंय. खिडकीतल्या सेवेकऱ्यांनी विचारलं, "किती जण, ताई?" मी म्हटलं, एकटी. त्यांनी नाव लिहिलं, कुठून आलात, गाडीचा नंबर, आधार. एकदाही माझ्या मागे बघितलं नाही. महिलांच्या सभागृहात गादी मिळाली. बाजूला अकोल्याच्या दोघी मायलेकी, पलीकडे परभणीच्या पाच जणी. फरशी इतकी स्वच्छ की बूट काढून हातात धरूनच आत आले.

पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी दिवसभर झाडतात, पुसतात, वाढतात, आणि त्यांतले कितीतरी घरचं काम सोडून पाळीपाळीने येतात. गजानन महाराज इथे प्रकट झाले ते 1878 साली, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना लोकांनी त्यांना पाहिलं. त्या गावात आज हे सेवेकरी आल्यागेल्याला वाढतात. मी फार देवदेव करणारी नाही, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर पाठ सैल सोडता येते ती अशा ठिकाणी, आणि मला तेवढं पुरतं.

अकोल्याच्या आईंनी विचारलं, भीती नाही वाटत का? रस्त्याची वाटत नाही, म्हटलं. रस्त्यावर हात माझे आणि ब्रेक माझे. भीती वाटते ती संध्याकाळची. त्यांना लगेच कळलं. त्यांची मुलगी नागपूरला नोकरीसाठी खोली शोधते आहे, तिलाही तीन घरांनी "एकटीला देत नाही" म्हणून परत पाठवलंय. मग आम्ही बराच वेळ त्याच विषयावर बोलत बसलो. मी मोटरसायकलवरून आणि ती पायी, पण दार बंद होतानाचं वाक्य दोघींना एकच ऐकायला मिळतं. हे बदललं पाहिजे. काउंटरवर बसलेल्या माणसाला काळजी वाटत असेल तर त्याने दाराला कडी लावून घ्यावी, जिन्यात दिवा लावावा. बाईला रात्री नऊ वाजता परत रस्त्यावर पाठवल्याने ती सुरक्षित कशी होते?

उद्याचं ठरवलं होतं की एका दमात पुणं गाठायचं, सव्वाचारशे किलोमीटर. मोबाइलचा नकाशा सारखा समृद्धी महामार्ग दाखवतोय, पण तिथे दुचाकीला बंदी. म्हणजे खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, जालना असा जुना रस्ता, आणि जालन्याच्या पुढे गेल्यावर परत तोच हिशेब: अजून ऊन आहे, अजून होईल. मघाशी छत्रपती संभाजीनगरला आत्याला फोन केला. उद्या चारच्या आत येते, राहायला. आत्या म्हणाली, गाडी कुठे लावशील, मागच्या अंगणात परवाच माती टाकलीय, भुसभुशीत आहे.

म्हटलं, असू दे, फळकूट आहे माझ्याकडे.