तुपाची बरणी आणि निर्यातीचे गणित

नेदरलँड्सच्या विमानतळावर ठाण्याहून आणलेली साजूक तुपाची बरणी माझ्या देखत कचऱ्यात गेली. ‘तूप म्हणजे काही दूध नव्हे’ हा नौपाड्यातील आमच्या घरात सर्वमान्य असलेला युक्तिवाद तेथे टिकला नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ प्रवासी सामानातून आणता येत नाहीत, आणि त्यामागे लाळ्या-खुरकुताची, म्हणजे गुरे, मेंढ्या आणि डुकरांना होणाऱ्या झपाट्याने पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगाची, मोठी धास्ती आहे.

राग ओसरल्यावर हिशेब पटतो. 2001 साली ब्रिटनमध्ये ही साथ पसरली, ती बहुधा न उकळलेले खरकटे खाणाऱ्या डुकरांपासून. निदान होईपर्यंत ती मेंढ्यांच्या बाजारांतून देशभर पोहोचली होती. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि पर्यटनासह सुमारे 800 कोटी पाउंडांचे नुकसान झाले. कढवलेल्या तुपात विषाणू तग धरेल असे मला आजही वाटत नाही. पण साथरोगतज्ज्ञ एका बरणीचा विचार करत नाहीत, वर्षभरात येणाऱ्या सगळ्या बॅगांचा करतात, आणि नुकसान इतके अवाढव्य असेल तर नगण्य शक्यताही महाग पडते.

पटत नाही ते पुढचे. त्याच वर्षी या देशात, म्हणजे नेदरलँड्समध्ये, 26 ठिकाणी रोग आढळला तेव्हा आसपासच्या जनावरांना लस टोचण्यात आली आणि नंतर लस दिलेली ती धडधाकट जनावरेही मारण्यात आली. कोटवायकरब्रूक गावात शेतकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. जनावरे मारण्याचे कारण निव्वळ व्यापारी होते. आजच्या नियमांनुसारही लसवंत जनावरे मारली तर निर्यातीसाठी लागणारा देशाचा रोगमुक्तीचा दर्जा तीन महिन्यांत परत मिळू शकतो, जगवली तर साधारणतः सहा महिने थांबावे लागते. मुरबाडच्या मामाच्या म्हशींच्या कानात बारा आकडी बिल्ले आहेत आणि 2019 पासूनच्या 13,343 कोटींच्या केंद्रीय योजनेतून त्यांना वर्षातून दोनदा मोफत लस मिळते; टोचून मग मारायचे, हे त्याला सांगितले तर तो माझ्याच डोक्याची चौकशी करील. बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ आपण लसीकरणाच्याच बळावर हद्दपार केली, हेही येथे कोणी तरी ऐकायला हवे. (2022 साली शहापुरातील वेहळोलीत बर्ड फ्लूमुळे हजारो कोंबड्या मारल्या गेल्या, हे मला ठाऊक आहे, पण कोंबडी आणि दुभती म्हैस यांना एका तराजूत घालू नये.)

मात्र येथील सहकाऱ्याने एक मुद्दा काढला, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. येथे मारलेल्या जनावराची बाजारभावाने भरपाई मिळते, त्यामुळे रोग कळवणे शेतकऱ्याला परवडते. आपल्याकडे खुरकुताने म्हैस लंगडली आणि दूध आटले, तर तो तोटा मालकाचा एकट्याचा. अशी म्हैस मुकाट्याने म्हसाच्या यात्रेतील गुरांच्या बाजारात विकून मोकळे होण्याचा मोह कोणालाही होईल, आणि ब्रिटनमध्ये रोग पसरवला तो बाजारानेच.